एका चुलीचा हिशेब

आमच्या घरी हिशेब नुसता लिहिला जात नसे, तो वाचला जाई. महिन्याचा शेवटचा रविवार, रात्रीची जेवणं उरकलेली, आई दोनशे पानी वही घेऊन भिंतीशी बसे आणि ‘श्री शिल्लक’पासून मोठ्याने वाचायला सुरुवात करी. समोर दादा, म्हणजे माझे वडील, आजी आणि आम्ही तिघं भावंडं. दळण, रॉकेल, दुधाचा रतीब, वाण्याची यादी, आजीची मिश्री, धाकट्याची पाटी, कुणाच्या तरी बारशाला दिलेलं झबलं. मध्येच कुणाला काही आठवलं तर वाचन थांबे आणि ती ओळ पेन्सिलीने समासात चढे. दादा जिल्हा परिषदेत कारकून होते. साताऱ्याला मंगळवार तळ्याजवळ दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. त्या खोल्यांत एरवी मोठ्यांच्या गोष्टी मुलांसमोर बोलत नसत, पण या वाचनाला सगळ्यांनी बसायचं असा आईचा दंडक होता.

पहिला मान पगाराच्या चिठ्ठीला. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, मग एकेक कपात. दादांच्या हातात किती पडतात हे आम्हा मुलांना पैशांसकट ठाऊक असे. आळीतल्या बऱ्याच घरांत ते बायकांनाही ठाऊक नव्हतं. आजी लिहायला शिकलेली नव्हती. तरुणपणी ती दुधाचा रतीब दाराच्या चौकटीवर कोळशाच्या रेघा ओढून मोजायची. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, पण आजीच्या डोक्यात आणेच राहिले. आई पंच्याहत्तर पैसे म्हणाली की ती हळूच बारा आणे म्हणे, आणि आई बेरजेशी पोचायच्या आत तिचा आकडा तयार असे. दोघींचा ताळा जमला नाही, तर चूक बहुधा कागदावरच्या बेरजेत सापडायची.

आईच्या वहीत ‘किरकोळ’ असा रकाना नव्हता. कोथिंबीर दहा पैसे, सुई-दोरा वीस पैसे, देवळाच्या पेटीत टाकलेले पाच पैसे, सगळ्याला नावानिशी ओळ. पुढे मी अनेक घरांचे हिशेब पाहिले आणि हा एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं असं माझं ठाम मत झालं. मोठे खर्च कुणी विसरत नाही. घर पोखरलं जातं ते ज्यांना नाव दिलेलं नाही अशा खर्चांनी.

१९७७ च्या १४ डिसेंबरला राज्य सरकारी कर्मचारी, शिक्षक आणि जिल्हा परिषदांचे कर्मचारी संपावर गेले. मुख्य मागणी होती केंद्र सरकारच्या दराने महागाई भत्ता. तो संप ५४ दिवस चालला. आईने त्या महिन्यात शेवटच्या रविवारची वाट पाहिली नाही. संपाच्या पहिल्याच आठवड्यात वही काढली, जमेच्या बाजूला पगारासमोर शून्य लिहिलं आणि तेही तिने वाचून दाखवलं. मग काय काय थांबवायचं ते ठरलं. आधी वर्तमानपत्र, कारण ते नगरवाचनालयात जाऊन वाचता येत होतं. दूध निम्म्यावर आणायचं, आजीचा चहा तेवढा दुधाचा, बाकीच्यांचा गुळाचा कोरा. ताईने आपणहून शिवणाचा क्लास सोडला. धाकटा तेव्हा दुसरीत होता. त्याचा वाढदिवस जानेवारीत येई आणि त्या दिवशी कंदी पेढे आणायचे हा ठरलेला खर्च. तो म्हणाला, “पेढे नकोत. शिरा चालेल.” आईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि समासात लिहिलं: पेढे नाहीत, शिरा.

संक्रांत संपातच आली. हळदीकुंकू करायचं की नाही यावर आई आणि आजीचं बरंच बोलणं झालं. आजी म्हणत होती, तीळ-गूळ तेवढा वाटावा, वाण राहू दे. आईला ते पटेना. आळीतल्या कितीतरी बायकांचे नवरे संपावर होते. आपण बोलावलं नाही तर त्याही बोलावणार नाहीत, आणि एकमेकींकडे जाणं-येणं तुटेल. शेवटी परसातला गवती चहा खणून त्याचे ठोंब वेगळे केले, आम्ही मुलांनी जुन्या डब्यांत माती भरली आणि तेच वाण झालं. वहीतली त्या दिवसाची ओळ मला आजही दिसते: तीळ अर्धा किलो, गूळ एक किलो, वाण घरचं. पुढे कित्येक वर्षं त्या आळीत कुणाकडेही चहा घेतला तरी त्याला आमच्या परसाचा वास असे.

वाण्याने त्या काळात उधार दिलं. संप मिटल्यावर ती बाकी हप्त्या-हप्त्याने फिटत दिवाळीपर्यंत गेली, आणि दर महिन्याला ‘बाकी राहिले’ हा आकडा आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्या वर्षात आम्ही कुणी हट्ट केल्याचं मला आठवत नाही. आमच्यावर कुणी धाक घातला नव्हता. घरात काय आहे आणि काय नाही हे आम्हाला माहीत होतं, एवढंच. मुलांना झळ लागू नये म्हणून त्यांच्यापासून आकडे लपवणारे पुष्कळ आई-बाप मी पुढे पाहिले. त्यांची माया खरी असते, पण मुलांना चेहरे वाचता येतात. आकडा कळला नाही की ती चेहऱ्यावरून त्याहून वाईट काहीतरी समजून बसतात.

नोकरी लागली तीही हिशेबाचीच. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कामावर. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी उभी केलेली ही पाहणी १९५० पासून चालू आहे. निवडलेल्या घरांत जायचं आणि गेल्या महिन्यात तुम्ही काय काय खाल्लं, वापरलं, किती पैसे गेले, हे एकेक वस्तू घेऊन विचारायचं. प्रशिक्षणात सगळ्यांत आधी कुटुंब कशाला म्हणायचं ते शिकवलं: एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबं दोन. हे ऐकून मला आमची वही आठवली. तिच्यात आळीत राहून येऊन-जाऊन असणारे चुलते नव्हते, पण आमच्याकडे जेवायला असणारा शाळेतला एक मुलगा होता, त्याच्या चपलांच्या खर्चासकट.

भोर, वेल्ह्याकडच्या गावांत फिरताना या कामाची खरी गोडी लागली. घरची ज्वारी खाल्ली तरी तिची किंमत धरायची, आणि तीही शेताच्या बांधावर जो मिळाला असता त्या भावाने. कपडे, चपला, भांडी यांचं वर्षभराचं विचारायचं, कारण ते दर महिन्याला घेतले जात नाहीत. ओसरीवर घरधनी बसलेले असायचे आणि उत्तरं तेच द्यायला लागायचे. साखर किती? पाच किलो. आतून आवाज यायचा, “चार. त्यातली एक पाहुण्यांची.” मग माझं पुढचं विचारणं आपोआप दाराच्या उंबऱ्याकडे वळे. खताच्या गोणीचा भाव पैशासकट सांगणाऱ्या माणसाला मिठाचा भाव माहीत नसे. वेल्ह्याजवळच्या एका वाडीत एका बाईंनी आतून कालनिर्णय काढून आणलं. दुधाच्या खाड्यांची फुली सगळेच करतात. या बाईंनी त्याच चौकोनांत मीठ, काडेपेटी, तेल, मुलाच्या एस.टी.चं भाडं असं सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत भरलं होतं. मी विचारलं, हे कुणाला दाखवता का? त्या म्हणाल्या, “कोन इचारतंय?” मी त्या घरी नेमून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बसले आणि ते कालनिर्णय महिन्यामागून महिना त्यांच्याकडून वाचून घेतलं. वाचताना त्यांचा आवाज चढत गेला. ओसरीवरचे घरधनी उठून आत येऊन ऐकत उभे राहिले.

याच नोकरीत मला दादांच्या संपाचा अर्थ नीट कळला. महागाई भत्ता ठरतो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून, आणि तो काढतं केंद्राचं श्रम ब्युरो. बाजारातून भाव तर गोळा होतातच, पण तेल किती महत्त्वाचं, तांदूळ किती, घरभाडं किती, हे वजन ठरवायला आधी कामगारांच्या घरी जाऊन त्यांचा खर्च विचारावा लागतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी आमच्या घरी ५४ दिवस कोरा चहा होता, तो आकडा कुणा बाईच्या वाणसामानाच्या यादीतून वर चढत आलेला असतो. ती यादी जितकी खरी, तितका तो खरा. हे कळल्यापासून मी कुणाही बाईला प्रश्नांच्या मध्ये घाई केली नाही.

लग्न होऊन पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी आले तर तिथे वही नव्हती. सासरे रोज सकाळी सासूबाईंच्या हातावर नोटा ठेवत आणि संध्याकाळी, “पुरले ना?” एवढंच विचारत. मी पहिल्या महिन्याला वही काढली तशा सासूबाई दुखावल्या. “अगं, हिशेब परक्याशी ठेवतात. घरच्या माणसांवर विश्वास नाही का तुझा?” त्यांचं म्हणणं मला खोडून काढावंसं वाटलं नाही. आयुष्यभर ज्या बाईला पैशाबद्दल विचारणं म्हणजे जाब विचारणं एवढंच माहीत आहे, तिला वहीची भीती वाटणारच. मी माझा पगार आणि माझा खर्च तेवढा लिहीत गेले आणि रविवारी तेवढाच वाचत गेले. नवरा पहिल्यांदा संकोचाने ऐके, मग आपला सांगू लागला. सासरे वर्तमानपत्राआडून ऐकत. पुढे तेही पेन्शनचा आकडा सांगू लागले. सासूबाई मात्र त्या वेळी हटकून स्वयंपाकघरात काहीतरी काढून बसत.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. सासरे त्याआधीच गेले होते. दोन दिवस सासूबाई जेवल्यासारखं करून उठत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि जुन्या दुलईच्या खोळीतून एक पुरचुंडी काढली. पाचशेच्या नोटा, चार-चार घड्या घातलेल्या, काही इतक्या जुन्या की घडीवर विरलेल्या. मिरजेला त्यांची धाकटी बहीण होती, लवकर विधवा झालेली. भाजीतून, दुधातून, रद्दीतून बाजूला काढलेले पैसे त्या तिला जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती पाठवत आल्या होत्या. नवऱ्याला कधी कळलं नाही. त्या मला पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मी चोरी नाही गं केली.”

असे पैसे त्या आठवड्यात कितीतरी घरांत बाहेर आले आणि लोकांनी त्यावर विनोद केले. मला हसू आलं नाही. उमेदीच्या साऱ्या वर्षांत एका बाईला स्वतःच्या बहिणीला दिलेले पैसे घरात मोठ्याने म्हणता आले नाहीत. सासरे वाईट नव्हते. सांगितलं असतं तर बहुधा त्यांनी दिलेही असते. पण सांगायला जागा नव्हती. आम्ही बँकेत रांगेला उभं राहून सासूबाईंच्या नावाचं खातं उघडलं, आणि त्या महिन्यापासून वहीत ओळ आली: मिरज, मावशी. ती ओळ सासूबाई स्वतः वाचत, इतर काही वाचलं नाही तरी.

आता मुलगी-जावई वाकडला राहतात. फोनवरून पैसे जातात, कुठे किती गेले याची नोंद आपोआप होते. आईच्या वहीपेक्षा ती नोंद बिनचूक आहे, आणि ती तशी असण्याचा फायदा मी नाकारत नाही. पण मुलीचा फोन तिच्या हातात, जावयाचा त्याच्या हातात. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं एकमेकांचा खर्च अंदाजाने ओळखतात आणि घराचा हप्ता कापला गेला की दोघंही गप्प होतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गप्प रविवारी मी त्यांना म्हटलं, दोघं फोन घ्या आणि एक तारखेपासून वाचा. पहिल्या वाचनाला दीड तास लागला. भांडण झालं, पण ते पहिल्यांदा खऱ्या आकड्यांवर झालं.

सगळ्यांत मोठा धक्का बाहेरच्या खाण्याचा होता. मला तो नव्हता. १९९९-२००० च्या पाहणीत ग्रामीण भारतात खर्चातल्या शंभर रुपयांतले ५९ रुपये खाण्यावर जात होते आणि त्यात धान्याचे २२ होते. २०२२-२३ च्या पाहणीत खाण्याचे ४६ झाले आणि धान्याचे पाचही उरले नाहीत. खाण्याच्या खर्चात आता सगळ्यांत मोठा वाटा पेयांचा आणि तयार पदार्थांचा आहे, खेड्यात आणि शहरातही. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आई, म्हणजे आम्ही एकटेच नाही!” त्यांनी ते खाणं बंद केलं नाही, करावं असं मी सुचवलंही नाही. दोघं थकून घरी येतात. फक्त त्या खर्चाला त्यांनी महिन्याचा एक आकडा ठरवून दिला आणि कोणत्या वारी मागवायचं ते नातीसकट तिघांनी मिळून ठरवलं.

त्याच वाचनात जावयाने बीडला त्याच्या वडिलांच्या डायलिसिससाठी जाणारी रक्कम पहिल्यांदा पूर्ण सांगितली. तो ती दोन वेगळ्या खात्यांतून पाठवत होता. मुलीने ती उतरवून घेतली आणि घराच्या हप्त्याच्या वर, पहिल्या ओळीत लिहिली. आता दर महिन्याला वाचन तिथून सुरू होतं. नात नऊ वर्षांची आहे. बीडच्या आजोबांना आठवड्यातून किती वेळा मशीनवर जावं लागतं आणि त्याला किती पडतात हे तिला माहीत आहे. परवा तिने विचारलं, गाडी घ्यायचं लांबलं ते त्यामुळेच ना? जावई हो म्हणाला. मुलीचं म्हणणं, जुनी गाडी घेतली तर दिवाळीनंतर जमेल. तो म्हणतो, वर्षभर थांबू. नात जुन्या गाडीच्या बाजूने आहे. ठरलं नाही, जूनच्या वाचनात पुन्हा निघेल.