आजीची मूठ

वारंगा फाटा म्हटले की बाहेरच्या माणसाला खिचडी आठवते. नागपूर-तुळजापूर रस्ता आणि हिंगोलीहून नांदेडला जाणारा रस्ता इथे एकत्र येतात. गाड्या थांबतात, लोक गरम खिचडी खातात आणि पुढच्या वाटेला लागतात. फाट्यामागच्या वस्तीतली माणसे काय करतात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. आम्ही हळदीत काम करतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या भागात सगळ्यांना आनंद झाला. आजीलाही मी ती बातमी वाचून दाखवली होती. तिने ती ऐकली आणि म्हणाली, "बरं झालं. आता मही बोटं तेवढी सरळ कर म्हणावं."

माझ्या आजीचे उभे आयुष्य दुसऱ्याच्या हळदीत गेले. पाला कापला, कंद खणून वर आले, की माती झाडायची आणि जेठा गड्डा एकीकडे, हळकुंडे एकीकडे अशी मोडून वेगळी करायची. हे मोडणे बायांच्या वाट्याचे. दिवसभर अंगठ्याचा जोर लावावा लागतो. कापसाच्या दिवसांत वेचणी, सोयाबीनच्या दिवसांत सोंगणी. आमच्या घरात हाताला पर्याय नव्हता. मी कॉलेजची पायरी चढले ती घरातली पहिलीच, आणि त्या फीमध्येही आजीच्या मजुरीचे पैसे आहेत.

सहा वर्षांपूर्वी तिची बोटे सुजू लागली. आधी बोटांची मुळे, मग मधली पेरे, मग मनगटे. डावा आणि उजवा हात अगदी जोडीने. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास तिची मूठच वळत नसे. चहाची कपबशी ती दोन तळव्यांच्या मध्ये धरून प्यायची. लुगडे आई नेसवून द्यायची. ज्या बाईने शेकडो भाकरी थापल्या, तिला भाकरीचा तुकडा मोडता येईना. जो तो सांगायचा की दुधात हळद टाकून घे, वातावर गुणकारी असते. आजी हसायची आणि म्हणायची, "हळदीतच तर हात गेले बाई, आता पोटातून घेऊन काय होतंय?"

रात्री मात्र हसणे नसे. मी बारावीला असताना उशिरापर्यंत जागत असे. दिवा बारीक केला की तिचे कण्हणे ऐकू यायचे. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती तोंडात पदर धरायची.

शेजारचे दाजीबा हे महादेवाच्या ओट्यावर बसणारे. त्यांची चिलीम गावाला ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखे काही उरलेले नाही. मागच्या वर्षी एके संध्याकाळी ते कागदाचे पुडके घेऊन आले. म्हणाले, "तिळाच्या तेलात कढवा, गाळा अन् निजताना चोळा. महा बाप हेच लावायचा." आईने पुडक्याला हातही लावला नाही. "पोलिसाचं लचांड नको मपल्या घरी," एवढेच ती बोलली. तिची भीती खोटी नव्हती. तुरीत नाही तर हळदीत गांजाची झाडे सापडली आणि शेतकऱ्याला उचलले, अशा बातम्या आमच्याकडे वर्तमानपत्रांत येत असतात.

आई कामावर गेल्यावर आजीने दाजीबांच्या बायकोकडून ते तेल करवून घेतले. घरभर वास सुटला होता, त्यामुळे लपायचे काही कारणच नव्हते. आणि मग आजी चार रात्री झोपली. सूज तशीच, मूठ तशीच, पण झोप लागली. तेल संपल्यावर आईने ओवा घालून साधे तिळाचे तेल कढवले आणि त्याने चोळून दिले. आजी म्हणाली, "ह्यानंबी बरं वाटतंय. पण झोप तशी न्हाई."

त्या झोपेने मला ग्रंथालयात बसवले. मी या विषयावर लिहिते आहे म्हटल्यावर एका मैत्रिणीने डोळे मोठे केले, "दुसरा विषय मिळाला नाही का?" मिळाला असता. पण हा घरातला होता.

इतिहासाच्या सरांनी सांगितले म्हणून पहिली माहिती मिळाली. कलकत्ता मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८३९ साली गांजाच्या औषधी उपयोगावर निबंध वाचला. त्यात सांधेदुखीचे रोगी आहेत! त्यांतल्या एकाला थोडी राळ दिल्यावर तो खूप बोलू लागला, गाऊ लागला, जास्तीचे जेवण मागू लागला आणि नंतर असा पडला की त्याचा हात जिथे ठेवावा तिथेच राहायचा. हे मी घरी वाचून दाखवले, तेव्हा आई म्हणाली, "आत्याबाई गाणं म्हणू लागल्या असत्या तर गावभर झालं असतं." पुढे १८९३ साली इंग्रज सरकारने खास आयोग नेमला. त्याने हजारावर साक्षी घेतल्या आणि बेताने घेणाऱ्यांना सहसा मोठा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने असावेत, असे मत दिले. म्हणजे दाजीबांचे वडील जे करत होते, ते त्या काळी चोरून करण्यासारखे नव्हते.

मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि त्यापाठोपाठ आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. त्यात चरस आणि गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, येतात. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत; भांगेचे नियम राज्यांकडे राहिले. परवान्याशिवाय झाड लावणे हा मात्र गुन्हा. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आयुर्वेदात हीच वनस्पती विजया म्हणून ओळखली जाते. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत तिचे नाव आहे, म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. जातिफलादी चूर्णात भांग असते, हे मला त्यामुळेच कळले. आज पानांचा अर्क घातलेली तेले वैद्याच्या चिठ्ठीवर विकली जातात. २०१३ साली मुंबईत सुरू झालेली बॉम्बे हेम्प कंपनी याच क्षेत्रातली. एका बाटलीची किंमत मी मोबाईलवर पाहिली आणि आईच्या मजुरीचे दिवस मोजले. मग मोबाईल बंद केला.

हे आजीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मुंबईच्या बाटलीत हाय ते औषिद, अन् दाजीबाच्या पुडक्यात हाय तो गुन्हा, व्हय?" मी "हो" म्हणाले. पुडक्यात शेंडे होते, आणि कायद्याचे उत्तर हेच आहे. पण तिच्या प्रश्नातली चीड मला चुकीची वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. सत्तावीस विरुद्ध पंचवीस असे मतदान झाले आणि भारताने बाजूने मत दिले. त्यातले आमच्या फाट्यापर्यंत काही पोहोचले नाही.

आता मुख्य प्रश्न, याने दुखणे थांबते का? इंग्रजीच्या मॅडमकडून मी दोन अभ्यास समजून घेतले. एक डेन्मार्कचा. हातांच्या सांध्यांची झीज झालेले आणि सोरायसिसबरोबरचा संधिवात असलेले असे १३६ रोगी घेऊन, काहींना गांजातील कॅनाबिडिऑल नावाच्या, नशा न आणणाऱ्या घटकाच्या गोळ्या आणि काहींना त्याच रूपाच्या पोकळ गोळ्या बारा आठवडे दिल्या. दुखणे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच कमी झाले. हे वाचताना मला ओव्याचे तेल आठवले. दुसरा इंग्लंडमधला, २००६ सालचा, आजीच्याच आजाराचा. अठ्ठावन्न रोगी, पाच आठवडे, तोंडात मारायचा अर्काचा फवारा. हालचालीतले आणि बसल्याजागचे दुखणे थोडे कमी झाले, झोप सुधारली. सकाळचा ताठरपणा मात्र हलला नाही.

झोप सुधारली आणि ताठरपणा हलला नाही, हे मी आधी आजीच्या तोंडून ऐकले होते. चोळलेल्या तेलातले कातडीखाली कितीसे गेले असेल हा प्रश्न राहतोच, पण तिची झोप मी खोटी म्हणणार नाही.

"आजीच्याच आजाराचा" असे वर लिहिले, कारण मधल्या काळात आजीला नांदेडला नेले होते. डॉक्टरांनी दोन्ही हात दाबून पाहिले, रक्त घेतले, एक्स-रे काढला. त्यांनी सांगितले की हा वयाचा झिजेचा वात नाही, आमवात आहे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तिथे सूज राहते आणि ती हाडे कुरतडते. आपण मराठीत दोन्हींना वातच म्हणतो, त्या एका शब्दात आमची सहा वर्षे गेली. हाडाला पडलेले खाच आता भरून येणार नाहीत, पण पुढची पडझड रोखता येते. गांजाने, वेदनेच्या गोळीने किंवा फाट्यावरच्या सुईने दुखणे झाकले जाते. कुरतडणे चालूच राहते. हे कोणी आधी सांगितले असते तर दाजीबांच्या पुडक्यावर आमच्या घरात एवढा वाद झालाच नसता.

आजी आता मेथोट्रेक्सेट घेते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून कॅलेंडरवर प्रत्येक बुधवारी मी लाल गोल काढून ठेवला आहे. आजीला अक्षर येत नाही, पण गोल कळतो. दुसऱ्या दिवशी फोलिक आम्लाची गोळी. मध्ये मध्ये यकृताची आणि रक्ताची तपासणी. गुण यायला दोन-तीन महिने लागले. सकाळचा ताठरपणा आता अर्ध्या तासावर आला आहे. कपाचा कान ती धरू शकते. वाकडी झालेली करंगळी वाकडीच आहे, आणि थंडीत काही रात्री ती अजूनही जागी असते. त्या रात्री मी तेल गरम करून तिचे हात चोळते, आणि ती दर वेळी विचारते, "साधंच हाय ना?" साधेच असते.

परवा दाजीबांनी मला ओट्यावरून हाक मारली. त्यांचे गुडघे धरले आहेत. म्हणाले, "बाई, म्हातारीच्या त्या बुधवारच्या गोळीचं नाव मला कागदावर लिहून दे." मी लिहून दिले नाही. पुढच्या तपासणीला आम्ही सकाळच्या गाडीने नांदेडला जाणार आहोत, त्या दिवशी आमच्याबरोबर चला म्हटले. त्यांनी चिलीम झटकली आणि तिकिटाचे किती पडतात ते विचारले.