मे महिन्यातली बोडी

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. आमच्याकडे पाणी म्हणजे वैनगंगा, सूर आणि गावोगावचे तलाव-बोड्या. तरीही समुद्राच्या तळाशी जंगलं असतात आणि ती उन्हानं मरताहेत असं वाचलं, तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. बोडीतही तळाला रान असतं. हायड्रिला असतं, लांब फितीसारख्या पानांचं वॅलिसनेरिया असतं. पाळीवरून बघणाऱ्याला नुसतं पाणी दिसतं. मासे धरायला आत उतरलेल्या ढिवराच्या पायाला मात्र कळतं. देशी मासे या झाडोऱ्यात अंडी घालतात, पिल्लं तिथंच दडतात.

2011 साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात उष्णतेची लाट आली आणि सुमारे शंभर किलोमीटर किनाऱ्यावरची केल्पची जंगलं गेली. केल्प म्हणजे माणसाहून उंच वाढू शकणारं तपकिरी शेवाळ. त्याला थंड पाणी लागतं. लाट ओसरली, पण केल्प परतलं नाही. उबेपाठोपाठ उष्ण समुद्रातले चरणारे मासे आले होते. कोवळा कोंब दिसला की ते खुडून खात. मोकळ्या खडकावर बुटकं, गवतासारखं शेवाळ पसरलं.

या चरणाऱ्या माशांबद्दल वाचून मला आपला गवत्या मासा (ग्रास कार्प) आठवला. फरक एवढाच, की तो उबेपाठोपाठ आला नाही, त्याला आपण आणून सोडलं. कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी बांधलेले हे तलाव 1951 मध्ये मालगुजारी पद्धत गेल्यावर सरकारकडे आले. पुढं मत्स्यव्यवसाय म्हणजे रोहू, कटला आणि त्यांच्या जोडीला गवत्या, असं समीकरण झालं. गवत्या पाणवनस्पतीच खातो. काठानं बेशरम नावाची झुडपं माजली. (नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी!) मासळी उत्पादनाच्या हिशेबात तळाच्या रानाला रकाना नव्हता, म्हणून ते गेल्याची नोंदही नाही. सागरी शेवाळाचीही तीच गत. वाघ कमी झाला की गाजावाजा होतो. चिखलातली पानं कोण मोजणार?

पण बोडीला मे महिना असतो. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबतचे ढीवर स्त्री-पुरुष याच महिन्याचा फायदा घेतात. पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा, पाऊस पडून पाणी साचलं की दुसऱ्या तलावातून आणलेल्या वनस्पती लावायच्या. जणू रोवणीच, फक्त धानाऐवजी माशांच्या घराची. रान वाढलं की देशी मासेही परततात. जे ऊन समुद्रातलं जंगल जाळतं, तेच इथं तळ उघडा करून माणसाला आत जाऊ देतं. समुद्र असा आटत नाही. माणसानं वाढवलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त त्यानं पोटात घेतली आहे, आणि ती बाहेर काढायला तिथं तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायची मोरी, नाही.

लावायला रोपं मात्र कुठल्या तरी तलावात शिल्लक असावी लागतात. मोहाडी तालुक्यात ती कुठल्या बोडीत उरली आहेत, हे कार्यालयातल्या नकाशात सापडायचं नाही. ढिवरांच्या बाया सांगतील. यंदाचं पाणी आटायच्या आत त्यांना विचारायला हवं.