ज्यांना माती मिळाली नाही

शब-ए-बरातला कब्रस्तानात गेलं की प्रत्येकजण आपापल्या माणसाच्या कबरीपाशी थांबतो, फातिहा पढतो. मय्यतीला तीन ओंजळी माती देणं हे आपलं शेवटचं देणं. इथे नंदुरबारात हिंदू शेजारीही अंत्ययात्रेहून परतल्यावर ‘मातीला जाऊन आलो’ असंच म्हणतात. पण ज्याचं शरीरच हाती लागलं नाही, त्याच्या घरच्यांनी कुठे थांबायचं?

इंग्लंडमध्ये थेम्सकाठी रनिमीडच्या टेकडीवर अशांसाठी एक स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलातले जे लोक गेले आणि ज्यांची कबर कुठेच नाही, अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावं तिथल्या दगडांवर कोरली आहेत. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते ते खुलं झालं.

त्या नावांत एक नाव नूर इनायत खान यांचं आहे. वडील हजरत इनायत खान बडोद्याचे सूफी आणि गवई. घराण्याचं नातं टिपू सुलतानाशी. नूर १९४० मध्ये हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाल्या. जून १९४३ मध्ये त्यांना गुप्तपणे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरवलं गेलं. पॅरिसमधून वायरलेसवर संदेश पाठवण्याचं काम त्यांनी एकटीने रेटलं. ऑक्टोबरमध्ये त्या पकडल्या गेल्या. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत त्यांना गोळी घातली गेली. वय अवघं ३०. कबर नाही.

इथे एक गोष्ट मनाला टोचते. नूर फ्रान्सला जाण्याच्या नऊ महिने आधी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, आमच्या नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे साथीदार इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीने पडले. त्याच इंग्रजांच्या सेनेत नूर होत्या. मग यातलं आपलं कोण? मला वाटतं, दोघंही. एकाने दारातल्या जुलमाला नकार दिला, दुसरीने दूरच्या जुलमाला. शिरीषकुमारचं स्मारक आम्ही येता-जाता पाहतो. नूरचं नाव मात्र आपल्या कितीजणांच्या दुआत असतं?

बेपत्ता माणसाला फिकहमध्ये ‘मफकूद’ म्हणतात. जुन्या हनफी मताप्रमाणे, त्याच्या वयाची माणसं हयात आहेत तोवर त्याच्या बायकोने वाट पाहायची. म्हणजे जवळजवळ जन्मभर. मालिकी मत चार वर्षांचं. बायकांचे हाल पाहून हिंदुस्थानातल्या हनफी उलेमांनीच मालिकी मताचा आधार घेतला आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चार वर्षांची मुदत आली. आपल्या मजहबची चौकट माणसाच्या दुःखाला जागा देते, ती अशी.

पण कायदा मोकळं करतो, मन कुठे मोकळं होतं? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे १९७१ च्या युद्धात पाकिस्तानवरच्या मोहिमेतून परतले नाहीत. बेपत्ता ५४ जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे. पाकिस्तान म्हणतं, असे कैदी आमच्याकडे नाहीत. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, वर्षानुवर्षं त्यांचा शोध घेत राहिल्या. ‘गेला’ म्हणावं तर पुरावा नाही आणि ‘आहे’ म्हणावं तर माणूस नाही.

म्हणूनच नावांच्या भिंतीचं मोल आहे. ती शरीर परत देत नाही, पण माणूस होता, असं जाहीरपणे सांगते. फुलं ठेवायला, हात उचलायला एक जागा देते. ज्यांना तेवढीही जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी आपल्या दुआत एक वाक्य वाढवूया. ते सैनिक असोत, समुद्रात गेलेले मासेमार असोत की दंगलीत घरी न परतलेलं पोर. या अल्लाह, ज्यांची कबर आम्हाला ठाऊक नाही, ती तुला ठाऊक आहे.