तीन पेडलं आणि मामाचा भोंगा

माझं गाव गुडीहत्नूर. नागपूरहून हैदराबादकडे जाताना आदिलाबाद मागे पडलं की महामार्गावरच लागतं. इथूनच इंद्रवेल्ली-उटनूरचा रस्ता फुटतो. पौष अमावास्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेला जाणारी गर्दी आमच्याच फाट्यावर वळते. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही, आणि कानावर गोंडी नि उर्दूही.

माझा मामा लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवतो. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य, त्याला बसवलेला पिकअप, व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर आणि हातगाड्यावर बांधलेला भोंगा. गाणं रंगात आलं की मामा आवाजाचं बटण पूर्ण फिरवायचा आणि सूर फाटायचा. वराती नाचत सुटायचे. मला मात्र वाटायचं, मशीन बिघडलंय.

पहिल्या वर्षाला होस्टेलवर एका मित्राने माझ्या फोनमधला वरातीचा व्हिडिओ लावला. "हे काय डब्यात वाजवतायत?" सगळे हसले, मीही हसलो. कोण वाजवतंय असं विचारल्यावर म्हणालो, "काय माहीत, असेल कुणी बॅंडवाला." ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

पुढे त्याच मित्रांच्या नादाने गिटार शिकलो. गंमत अशी की त्यांच्या गप्पा सतत सूर फाडण्याच्याच! त्यासाठी पायाने दाबायच्या पेट्या मिळतात, त्यांना पेडल म्हणतात. काही छोटे कारागीर ती हाताने, थोडी-थोडी बनवतात. मुंबईची अॅनिमल फॅक्टरी त्यातलीच. किमती ऐकून घाम फुटतो. अमेरिकेत १९९४ पासून बनलेलं क्लॉन सेंटॉर नावाचं एक ओव्हरड्राइव्ह आज जुन्या बाजारात काही लाख रुपयांना जातं.

माझ्याकडे शिकवण्यांचे सहा हजार जमले होते. बूस्ट, ओव्हरड्राइव्ह की फझ, एकच घेता येणार होतं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मित्रांची तीन पेडलं उसनी घेऊन गावी आलो. गावात गिटारचा अॅम्प कुठला? मामाचाच अॅम्प्लिफायर मागितला.

तिन्हींतला फरक थोडक्यात सांगतो. बूस्ट सगळ्यात साधं: तारेतून आलेला बारीक सिग्नल आहे तसाच मोठा करतं. ओव्हरड्राइव्ह तो मोठा करून लाटेचे शेंडे जरा चेपतं. हलक्या हाताने वाजवलं तर सूर बराचसा स्वच्छ, जोरात वाजवलं की खरखरीत. फझ चेपत बसत नाही, सरळ छाटतं. लाट जवळजवळ चौकोनी होते आणि सूर लांबवर घोंघावत राहतो.

मला फझचंच वेड होतं. त्याचा जन्मही भारी आहे. १९६१ साली मार्टी रॉबिन्सचं एक गाणं आलं. त्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी नॅशव्हिलच्या स्टुडिओतलं यंत्र बिघडलं आणि ग्रेडी मार्टिनचा गिटारचा तुकडा फाटका उमटला. लोकांनी तो तसाच ठेवला. मग मुद्दाम तसा आवाज काढणारी पेटी निघाली, १९६२ ची माएस्ट्रो फझ-टोन. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वाजली आणि जगभर गेली. म्हणजे सुरुवात बिघाडातूनच.

मी आणलेल्या फझमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. सकाळी अंगणात काय वाजलं! दुपारी मामाच्या पत्र्याखाली मात्र चिरकायला लागलं. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, आणि आमचा मे महिना तर तुम्हाला ठाऊकच आहे.

मामा बाजेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "आण इकडे, बेंजोले लावून पाहू." बेंजोत चालीच्या तारांसोबत एका सुरात वाजत राहणाऱ्या तारा असतात. फझमध्ये सगळ्यांचा काला झाला, चाल कुठे ऐकूच येईना. "माशा बसल्या गुळावर," मामा म्हणाला. ओव्हरड्राइव्ह लावलं. "ह्याच्यात हात समजते. पण भोंगा आधीच नाकात बोलते, त्यात हे अजून नाकात." अगदी बरोबर! ते पेडल मधल्या पट्टीचे सूर उचलतं आणि भोंग्यातही तेच सूर पुढे येतात.

शेवटी बूस्ट. मला त्यात काही राम वाटत नव्हता. पण मामाने पाय ठेवला आणि मी उठून उभाच राहिलो. बटण निम्म्यावर असतानाच जुना व्हॉल्व्ह फाटायला लागला, गोल, उबदार. हलकं वाजवलं की साफ, जोर दिला की चढणारा. बूस्टने स्वतःचं काहीच घातलं नव्हतं. अॅम्प्लिफायरमध्ये होतं तेच पुढे ढकललं होतं. ब्रायन मे ट्रेबल बूस्टर लावून व्हॉक्सच्या व्हॉल्व्ह अॅम्पकडून हेच करून घेतो. मित्र ज्याला 'टोन' म्हणून डोक्यावर घेतात, तो मी लहानपणापासून वरातीत ऐकत आलो होतो.

मी मामाला विचारलं, "एवढी वर्षं बटण पूर्ण का फिरवायचास? आवाज फाटतो, कळत नव्हतं?"

तो हसला. "फाटल्याशिवाय मजा येते का? तंबोऱ्याले दोरा काहून लावतेत?"

मामा शाळा फारशी शिकलेला नाही. पण तारेखाली दोरा सरकवून तंबोऱ्याची जवारी काढतात, मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून सतारीचा झणत्कार बसवतात, हे त्याला माहीत होतं. प्रधानांच्या किकरीचा आवाजही काही गुळगुळीत नसतो. साफ सूर सगळीकडेच चांगला मानतात असं नाही. प्रश्न एवढाच, की त्या खरखरीत वाजवणाऱ्याचा हात ऐकू येतो का.

मग मामाने सहज विचारलं, "तुह्या कॉलेजातल्या पोरांले ऐकवलं का कधी माहं वाजवणं?"

मी गप्प राहिलो. त्याने काय समजायचं ते समजलं असावं. वायर गुंडाळत म्हणाला, "डीजे आल्यापासून सुपाऱ्याही कमीच झाल्या म्हणा."

सुट्टीनंतर मी साधं बूस्ट विकत घेतलं. सहा हजारांतले बरेच पैसे उरले. पेडल सध्या गुडीहत्नूरला मामाकडेच आहे. त्या संध्याकाळी केलेलं रेकॉर्डिंग मी होस्टेलच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं: "वाजवणारा माझा मामा. पहिल्या वर्षी तुम्ही ऐकलात, तोही हाच होता. तेव्हा मी खोटं बोललो."

एकाने लगेच विचारलं, "अॅम्प कुठला आहे रे?"