शिवराज राक्षेचा 'स्टोन कोल्ड' झाला असता का?

लाथ मारली ते चूकच. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे खालची निम्मी भांडणं वाचतील. आता पुढचं बोलू.

2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगरचं वाडिया पार्क. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातली शेवटची लढत. एका बाजूला पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ, दुसऱ्या बाजूला शिवराज राक्षे, खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा पण खेळला नांदेडकडून. शिवराज चितपट झाला असं पंचांनी जाहीर केलं. त्याचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिव्ह्यू दाखवा. रिव्ह्यू मिळाला नाही. मग पंचाची कॉलर धरली आणि लाथ घातली. पुढं फायनलला सोलापूरचा महेंद्र गायकवाड काही सेकंद बाकी असताना वाद घालून मैदान सोडून गेला. पृथ्वीराजला गदा आणि थार, शिवराज-महेंद्रला तीन वर्षांची बंदी. आडनावावरनं त्या रात्री काय काय विनोद फिरले ते इथं सांगत नाही, तुमच्याही मोबाईलवर आले असतील.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, मिरजेकडच्या एका तालमीत असतो. सुट्टीला कवठे महांकाळला आला तेव्हा जेवताना म्हणाला, "मामा, ह्येचा स्टोन कोल्ड करायला पायजे होता. लोकांनी डोक्यावर घेतला असता." बहीण म्हणाली, गप जेव. पण पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. निदान पूर्ण चुकीचं नव्हतं.

आमच्या पिढीनं डब्ल्यूडब्ल्यूएफ केबलवर बघितलंय, पत्ते खेळलोय. त्या खेळात 'हील' म्हणजे खलनायक आणि 'फेस' म्हणजे लोकांचा लाडका. मार्च 1997, शिकागो, रेसलमेनिया 13. स्टीव्ह ऑस्टिन आत आला तेव्हा खलनायक होता. ब्रेट हार्टनं पायाचा पेच घातला, ऑस्टिन रक्तबंबाळ झाला, पण हार मानून हात आपटला नाही. शुद्ध हरपली तेव्हा कुस्ती थांबवली. हरलेला ऑस्टिन हिरो होऊन बाहेर पडला आणि जिंकलेला हार्ट खलनायक. पुढं तोच ऑस्टिन स्वतःच्या मालकाला, व्हिन्स मॅकमोहनला, बदडायला लागला आणि जगभरातली नोकरदार माणसं खूश झाली. प्रत्येकाला आपापला साहेब त्या जागी दिसत होता.

आता आपल्याकडं बघा. लाथेचा व्हिडिओ आला तेव्हा शिव्या जेवढ्या पडल्या तेवढ्याच टाळ्याही पडल्या. आपल्याच जिल्ह्यातले डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील तर लाथ काय, पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या असं बोलून गेले. 2009 ला आपल्यावरही अन्याय झाला, म्हणून दोन्ही गदा परत करतो म्हणाले. ते बोलणं मला अजिबात पटलं नाही. पण एवढा मोठा पैलवान सोळा वर्षं जुनं दुखणं असं बाहेर काढतो तेव्हा दुखणं एकट्या शिवराजचं नाही एवढं तरी कळतं. टाळ्या लाथेला नव्हत्या. ज्याला ज्याला कुठल्या तरी टेबलावर 'निकाल झाला, आता काय होत नाही' असं ऐकावं लागलंय, त्या प्रत्येकाच्या होत्या.

म्हणजे मसाला तयार होता. तरी शिवराजचा हिरो झाला नाही. का?

माझ्या मते गोष्ट 2025 ची नाहीच, जानेवारी 2023 ची आहे. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी शिवराजनं जिंकली, महेंद्रला हरवून. पण त्या आठवड्यात अख्ख्या महाराष्ट्रात चर्चा कुणाची? मोहोळच्या सिकंदर शेखची. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले ते बरोबर की चूक, यावर चहाच्या गाड्यांवर लोक पंच झाले होते. सिकंदरचे वडील हमाली करायचे, पोरगं मातीतनं वर आलं, आणि आता अन्याय. हरून हिरो झाला गडी. गदा ज्याच्या खांद्यावर होती त्याच्याकडं कोण बघतंय? मग नोव्हेंबर 2023. संघटना दोन, म्हणून एकाच महिन्यात महाराष्ट्र केसरी पण दोन. फुलगावला सिकंदरनं शिवराजला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं आणि सगळ्यांना वाटलं, न्याय झाला. त्याच महिन्यात धाराशिवला शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा मिळवली. किती जणांना आठवतंय? सिकंदरच्या सिनेमात शिवराज फक्त पाडायची भिंत होता. दोन गदा होत्या, पण त्याची म्हणून एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. अशा माणसाची लाथ लोकांना दिसते, त्याआधीची दहा वर्षं दिसत नाहीत.

आणि गोष्ट सांगायचं काम आपल्या मातीतल्या मैदानाला चांगलं येतं. सांगली-कोल्हापूरकडच्या गावजत्रेत हरियाणाचा, पंजाबचा मल्ल येतो. खरं तर तो खलनायकच, आपल्या पोराला पाडायला आलेला. पण निवेदक माईकवर त्याचं गाव सांगतो, वस्ताद सांगतो, कुठं कुठं लढलाय ते सांगतो. हलगी लागते, गडी मातीला हात लावून कपाळाला लावतो आणि पाच मिनिटांत तो आपला होतो. नेपाळच्या देवा थापाचं बघा. त्याच्या उड्या आणि नाटकं बघायला बायाबापड्यासुद्धा मैदानात येतात. जुन्या वस्तादांना ते आवडत नाही, मलाही फार नाही, पण गर्दीशी बोलायचं कसं हे त्याला कळतं. त्याआधी दिल्लीचा सतपाल. एका काळी महाराष्ट्राच्या पैलवानांपुढं उभा ठाकलेला मोठा शत्रू. 1977 ला बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी त्याला हरवलं त्याचं कौतुक आजही सांगतात. पण ते सांगताना सतपालला कुणी कमी लेखत नाही. तो मोठा होता म्हणून तर बिराजदार मोठे झाले.

(कवठे महांकाळचा आहे म्हटलं की लोक विचारतात, 'हिंदकेसरी मारुती माने तुमच्याच गावचे ना?' नाही हो, ते कवठे पिरानचे. आमच्या गावाला ते भाग्य नाही.)

गादीवर हे सगळं जातं. तिथं निवेदकापेक्षा स्कोअरबोर्ड मोठा. त्याला माझी ना नाही, ऑलिंपिक गादीवरच आहे. पण मग गादीनं दुसरं काही तरी द्यावं लागतं, ते म्हणजे दिसणारा निर्णय. आंतरराष्ट्रीय नियमात पंचानं हात मारून चितपट दिली आणि साइड पंच किंवा मॅट चेअरमननं ती मान्य केली की पुढं चॅलेंज घेता येत नाही. बरोबर, नियम आहे. पण चॅलेंज देऊ नका म्हणणं वेगळं आणि मोठ्या पडद्यावर रिप्ले दाखवू नका म्हणणं वेगळं. मंत्र्यांच्या सत्काराला पडदा असतो, खांद्यासाठी का नसावा? तो रिप्ले त्याच क्षणी सगळ्या स्टेडियमला दाखवला असता, तर दोनपैकी एक झालं असतं. खांदे टेकले असते तर शिवराज मुकाट खाली उतरला असता. टेकले नसते तर नियमानं हरला असता आणि लोकांनी खांद्यावर घेतला असता, सिकंदरसारखा. लाथेची वेळच आली नसती.

भाच्याला मी हेच सांगितलं. ऑस्टिन मॅकमोहनला मारायचा तेव्हा मार खाणाऱ्याला मार कधी येणार ते माहीत असायचं, आणि नंतर दोघं पैसे मोजायचे. अहिल्यानगरला समोर उभा होता तो कुणाचा मालक नव्हता. पंच म्हणजे बहुतेक वेळा जुना पैलवान किंवा क्रीडाशिक्षक, मानधनावर आलेला, ज्याच्यामागं ना तालीम ना नेता. निर्णय चुकला असेलही. पण ज्यांच्यावर खरा राग होता, दोन दोन संघटना आणि दोन दोन गदा करून ठेवणाऱ्यांवर, ते व्हीआयपी खुर्च्यांवर बसलेले होते. त्यांच्यापर्यंत लाथ कुठली पोचते?

भाचा ऐकत होता. मग म्हणाला, "पण मामा, समजा माझ्या कुस्तीत असं झालं तर? तुमी काय म्हणाल?"

म्हटलं, मातीला हात लावून खाली उतर, आणि लगेच मला फोन कर. मोबाईलवर कुणी ना कुणी शूटिंग केलेलं असतंच. ते शोधायला मी येतो.

पोरगं हसलं. पटलं असं काही बोललं नाही. बंदीच्या यादीत नाव येण्याआधी शिवराजच्याही घरात असा कुणी मामा असेल, कुणास ठाऊक. पुढच्या महिन्यात भाच्याची 65 किलोत निवड चाचणी आहे. पंच कोण असणार ते अजून कळलेलं नाही.