गोळा-पाव

दिवाळीच्या अंकात मास्तराने फराळावर लिहावे, निदान करंजीवर तरी दोन गोड शब्द खर्चावेत, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्त आहे. परंतु आज मी ज्या पदार्थाविषयी लिहिणार आहे तो फराळाच्या ताटातला नाही. ऐन दिवाळीत त्याचे नाव काढावे की नाही, याविषयी आमच्या घरातच दोन मते आहेत. शाकाहारी वाचकांनी मला क्षमा करावी. हवे तर त्यांनी खिमा येईल तिथे बटाटा वाचावा. निबंधाच्या अर्थात फारसा फरक पडणार नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात बाबा आजारी पडले. आजार बरा झाला, पण अन्नावरची वासना उडाली. ताटावर बसायचे, भात चिवडायचे आणि उठायचे. डॉक्टर म्हणाले, "पथ्यबिथ्य काही नाही. मागतील ते द्या." पण ते काही मागतील तर ना! अखेर दसरा उलटल्यावर एका संध्याकाळी आईने पेजेची वाटी पुढे केली, तेव्हा भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "एक गोळा-पाव मिळाला, तर खाईन."

आईला वाटले, बर्फाचा गोळा. ती घाबरून म्हणाली, "अहो, छातीत कफ आहे तुमच्या!"

गोळा खिम्याचा होता. कडक पाव मधोमध चिरायचा, आत रश्श्यातला गोळा ठेवून वरून तळव्याने दाबायचा आणि उभ्याउभ्या खायचा. मुंबईला गिरणीत असताना पगाराच्या दिवशी ते हे खात. त्यांच्या तोंडून हे वर्णन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मात्र त्यांनी तो पदार्थ मागितलेला मी प्रथमच ऐकत होतो.

"कुठे मिळेल?" मी विचारले.

"करी रोडला उतर. लालबागकडे चालत जा. गिरणीच्या फाटकासमोर कोपऱ्यावर इराणी आहे."

"आहे" म्हणाले! १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दाखातर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. बाबा त्याच वर्षी गावी परतले. त्यानंतर मुंबईत त्यांनी पाऊल टाकले नाही; माझ्या मावसभावाच्या लग्नालाही नाही. चाळीसहून अधिक वर्षे उलटली, तरी त्यांचा इराणी वर्तमानकाळातच होता. मुलांच्या वहीत असा काळ चुकला की मी तांबडी शाई वापरतो. तिथे मी गप्प बसलो.

योगायोगाने माझ्या कादंबरीची मुद्रिते तपासायला मला गिरगावात जायचेच होते. शनिवारची अर्धी शाळा आटोपून गाडी पकडली. मुद्रितांचे काम रविवारी सकाळी दोन तासांत संपले, कारण कादंबरीत वाचण्यासारखे फार नव्हते. मग मी गोळ्याच्या शोधाला लागलो.

लालबागच्या आधी दक्षिणेकडची इराणी हॉटेले पाहावीत, असा मी विचार केला. इराणातल्या यझ्द आणि करमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी ही हॉटेले थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ मानून आपले व्यापारी ती घेत नसत, ती यांनी घेतली, असे सांगतात. हा अपशकुन मुंबईला चांगलाच मानवला म्हणायचा! धोबी तलावाची कयानी १९०४ सालची. कुलाब्याचे ऑलिंपिया कॉफी हाउस १९१८ सालचे. फोर्टातले कॅफे मिलिटरी १९३३ सालचे. तिन्ही ठिकाणी मी खिमा-पाव खाल्ला आणि परीक्षकाच्या सवयीने मनात गुण दिले. तिन्ही विद्यार्थी पहिल्या वर्गात आले. विशेषतः ऑलिंपियात, भिंतीवरच्या आरशात स्वतःला खाताना पाहत, मी बाबांचे काम क्षणभर विसरलो, हे कबूल केले पाहिजे.

पण तो खिमा होता, गोळा नव्हता. हा भेद नुसता शब्दांचा नाही. मोकळा खिमा बशीत येतो, त्याला टेबल लागते, खुर्ची लागते आणि पावाचा तुकडा मोडून तो टिपायला सवड लागते. गोळा पावात बसतो आणि पाव हातात बसतो. भोंगा व्हायला दहा मिनिटे उरलेल्या माणसाचे ते जेवण आहे. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली असे मानतात, त्यामागची अडचण हीच असणार. आणि ही अडचण एकट्या मुंबईचीही नाही. १८८० पासूनच्या चाळीस वर्षांत इटलीतून चाळीस लाखांवर माणसे अमेरिकेला गेली. बहुतेक दक्षिणेकडची आणि गरीब. त्यांच्या मायदेशी खिम्याचे गोळे लहान आणि नुसते खायचे. न्यूयॉर्कमध्ये मांस त्यामानाने स्वस्त मिळाले, तसे गोळे मोठे झाले. त्यांवर टोमॅटोचा रस्सा आला आणि ते लांबट पावात जाऊन बसले. आज ते खायला लोक हौसेने जातात. जगातल्या मजुरांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर काढलेले दिसते. वर्गात असे झाले की आम्ही त्याला कॉपी म्हणतो.

दुपारी लालबागला पोचलो. फाटक नव्हते. गिरणीच्या जागी काचेचा उंच मनोरा होता आणि त्याच्या पायथ्याशी एक थंडगार उपाहारगृह होते. तिथल्या पत्रिकेत चक्क गोळा-पाव होता, इंग्रजी नावाने! मी अधीरतेने मागवला. लाकडी फळीवर तीन चिमुकले पाव आले, प्रत्येकाच्या डोक्यात काडी खुपसलेली. गोळा आत रबरासारखा घट्ट, पाव गोड. त्या पैशांत आमच्या घरची आठवड्याची भाजी आली असती. बाहेर पडलो तेव्हा, ज्या जागी बाबांनी सूत काढले तिथेच आपण मूर्ख ठरलो, असे वाटून अंमळ वाईट वाटले.

कोपऱ्यावर इराण्याच्या जागी औषधांचे दुकान होते. पलीकडच्या चाळीच्या तोंडाशी एक वृद्ध गृहस्थ बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना विचारले.

"इराणी जाऊन वीस वर्षं झाली," ते म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण गोळा इराण्याकडे कधी मिळत होता? इराण्याकडे पाव आणि चहा. गोळा मावशीचा! मावशीकडून गोळा घ्यायचा, इराण्याकडून पाव. भिंतीवर पाटी होती, बाहेरचे पदार्थ आणू नयेत म्हणून. पण पगाराच्या दिवशी इराणी मान खाली घालून पैसे मोजत बसायचा. तुमच्या वडिलांनी मावशीचं नाव सांगितलं नाही?"

नव्हते सांगितले. चाळीस वर्षे ते इराण्याचेच नाव घेत होते.

मावशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मावशी जाऊन बरीच वर्षे झाली होती. साठीच्या घरातल्या तिच्या लेकीने दार उघडले. मी बाबांचे नाव आणि गाव सांगितले. ताई जरा थबकल्या, मग एकदम हसल्या.

"म्हणजे मीठ कमी! रोज पहिल्या घासाला म्हणायचे, मावशी, मीठ कमी. आणि आई म्हणायची, गिरणीत घाम गाळून आलायस, तुझ्या तोंडात आहे तेवढं पुरे. या, आत या."

मग त्या खोलीत मी जे ऐकले, ते बाबांनी मला कधीच सांगितले नव्हते. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीवाले एकटे राहत, एका खोलीत दहा-बाराजण, आणि जेवायला अशा खाणावळी धरत. मावशीकडे तीस मेंबर होते. महिनाभर जेवायचे आणि पगाराला पैसे द्यायचे. तोवर वाण्याचे उधार, वाणी थांबला नाही तर सावकाराचे व्याज. या बायकांना त्या व्याजातून सोडवावे म्हणून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. मावशीलाही पहिले कर्ज तसेच मिळाले होते. पगाराच्या दिवशी मेंबरांना मटण हवे असे. तीस माणसांना मटण कुठून पुरणार? म्हणून मावशी थोडा खिमा आणी आणि त्यात इराण्याकडचे शिळे पाव भिजवून, पिळून मिसळी. वर मूठभर डाळ्याचे पीठ, आले-लसूण, कोथिंबीर. पाट्यावर वाटून लिंबाएवढे गोळे वळायचे आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या रश्श्यात हलकेच सोडायचे. पावाने गोळा मऊ राहतो आणि मोठाही दिसतो.

"निम्मा पावच असायचा त्यात," ताई म्हणाल्या. "पण खाणाऱ्याला कधी कळला नाही."

मग संप झाला. पगार थांबला, पण भूक थांबली नाही. मावशीने सहा महिने तीस पाने वाढली. आधी पाटल्या गेल्या, मग मंगळसूत्र गेले. एकेक मेंबर गावी जाऊ लागला. काही सांगून गेले, काही न सांगता. माझ्या तोंडून प्रश्न निघत नव्हता. तो ताईंनीच ओळखला.

"तुमचे वडील रात्रीच्या बोटीने गेले की एसटीने, आठवत नाही. सकाळी त्यांचं पान मांडलं होतं, एवढं आठवतं."

मी खिशात हात घातला. त्यांनी तो धरला.

"ती वही नाही आता. त्याच्या पुढच्या दिवाळीला, पहिल्या आंघोळीला आईनं ती बंबात घातली. म्हणाली, ह्या पाण्यानं आंघोळ केली की सगळे मोकळे. आता तुमच्याकडून पैसे कोणत्या पानावर घेऊ?"

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. मी खाली जाऊन खिमा आणि कडक पाव आणले. ताईंनी मिक्सर बाजूला सारून पाटा काढला. प्रवासात नासू नये म्हणून रस्सा आटवला आणि गोळे डब्यात भरले. रात्रीची गाडी पकडून सकाळी मी घरी पोचलो.

आईने गोळे गरम केले. बाबांनी पाव स्वतः चिरला, गोळा ठेवला आणि तळव्याने दाबला. हात थरथरत होता, पण दाब बेतशीर पडला. पहिला घास खाऊन ते थांबले. मी वाट पाहत होतो. मीठ कमी, असे काही ते म्हणाले नाहीत. संपूर्ण गोळा-पाव खाऊन त्यांनी हात धुतले, आणि माझ्याकडे न पाहता विचारले,

"किती निघाले?"

मी वहीची हकीकत सांगितली. ते बराच वेळ ओटीवर बसून राहिले. मास्तराला मुलाची चूक पकडण्याची सवय असते. बापाची सापडली तर तिचे काय करायचे हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. पण मला त्यांचा राग आला नाही, एवढे खरे. घरी अंगावर पिणारा मी होतो, शेताला पैसे नव्हते, आणि तोंड दाखवून "पैसे नाहीत" म्हणण्यापेक्षा रात्री निघून जाणे त्या वयात सोपे वाटले असेल. न दिलेल्या पैशांपेक्षा ते मांडलेले पानच त्यांना एवढी वर्षे टोचत असावे.

रात्री जेवताना ते म्हणाले, "पैसे घेणार नाही म्हणाली?"

"नाही."

"भाऊबीज घेईल. ती नाकारता येत नाही."

भाऊबिजेच्या दिवशी मी त्यांना मुंबईला घेऊन गेलो. करी रोडचा जिना चढताना चार वेळा थांबलो. मनोऱ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलेदेखील नाही. ताईंनी पाट मांडला, ओवाळले. बाबांनी तबकात पाकीट ठेवले. आकडा मी सांगत नाही. त्यांनी तो स्वतःशीच व्याजासकट मांडला होता. पाकिटाचा जाडपणा पाहून ताईंनी काही बोलायला तोंड उघडले, पण निरांजन हातात होते आणि ओवाळणी तबकात पडली होती.

मग त्यांनी पान वाढले. त्यात गोळे होते. सणाच्या दिवशी कसे, असे कुणीच विचारले नाही. बाबांनी पहिला घास घेतला, जरा थांबले, आणि चाळीस वर्षे राहून गेलेले ते वाक्य म्हणाले,

"मीठ कमी आहे."

ताई डोळ्यांना पदर लावून मीठ आणायला उठल्या.