डोक्याला मार लागलेला माणूस ‘बरा’ झाला, हे कसं ठरवायचं?

मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या मालेगावातूनच जातो. त्यामुळे मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला मार लागलेला एखादा तरी माणूस तुमच्या ओळखीत असेल. ऑपरेशन होतं, टाके निघतात, सीटी स्कॅन ‘ठीक’ येतो. मग नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, आता शंभर टक्के बरा ना?” याचं उत्तर स्कॅनमध्ये नसतं. तो घरात, कामावर, गल्लीत पुन्हा किती मिसळला, यावर ते ठरतं.

हे मोजायला प्रश्नावल्या आहेत. बॅरी विलर आणि सहकाऱ्यांची १९९३ सालची प्रश्नावली सर्वांत जास्त वापरली जाते. प्रश्न १५, जास्तीत जास्त गुण २९. बाजारहाट, स्वयंपाक, मुलांचं कोण पाहतं? पैशांचे व्यवहार? मित्रांकडे जाणं होतं का? नोकरी? घरचं काम स्वतः एकट्याने केलं तर दोन गुण, कुणाबरोबर केलं तर एक, दुसऱ्यानेच केलं तर शून्य.

आता आपल्याकडचा, यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस घ्या. घरी आई, बायको, वहिनी. त्याने अपघाताआधीही कधी पोळी लाटलेली नसते! घरकामाचे बरेचसे गुण डोक्याला मार न लागताच गेलेले. उलट एखादी गृहिणी महिन्याभरात भाकरी थापू लागते, तिचे गुण चढतात. पण गॅस बंद करायला ती विसरते, पाहुण्यांच्या गलक्यात तिचं डोकं भणभणतं, हे कागदावर येत नाही. म्हणून गुणांची तुलना त्याच माणसाच्या अपघाताआधीच्या आयुष्याशी करावी, असं मला वाटतं.

कॅनडातल्या मेरी अ‍ॅन मॅककॉल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वेगळी वाट धरली. दहा साधी विधानं, आणि उत्तर त्या माणसाच्या मनाचं: इथली माणसं मला आपलं मानतात का, जवळचं कुणी आहे का, दिवसभर करण्यासारखं काही आहे का. मला ही जास्त जवळची वाटते.

माझ्याकडे येणारा एक कामगार पुन्हा कारखान्यात जाऊ लागला. मागाचा खडखडाट सहन होत नाही, तुटलेला धागा जोडायला वेळ लागतो, म्हणून मालकाने त्याला कांड्या भरायला बसवलं. पहिल्या प्रश्नावलीत कामाचे गुण पूर्ण. दुसरीतले प्रश्न विचारले तेव्हा म्हणाला, “जातो डॉक्टर, पण चहाला आता कुणी हाक मारत नाही.”

एक सावधगिरी मात्र हवी. मेंदूच्या पुढच्या भागाला मार असेल तर स्वतःतला बदल, विशेषतः चिडचिड, पेशंटला अनेकदा जाणवतच नाही. त्याला विचारा, घरच्यांनाही विचारा, पण वेगवेगळं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तेच आम्हाला सांगा.

पुढच्या तपासणीला येताना फाईलबरोबर एक कागद आणा. शुक्रवारी माग बंद असताना तो कुठे गेला, कुणाबरोबर गेला, आणि स्वतःहून निघाला की तुम्ही नेलं, एवढं त्यावर लिहा.